संत्र्याच्या सालींचं उटणं

"इंग्रजी शाळेत शिकलेली हाय, तिला आपलं उटणं कुठलं चालायचं?" शेजारच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या.

"लावून बघंल की. कातडं तर तिचंबी उललंय," सासूबाई हसल्या.

मी दाराआड होते. लग्न होऊन सोलापुरात आल्याला महिनाही झाला नव्हता. या घरात सासूला आत्या म्हणायची रीत होती, पण ती हाक माझ्या तोंडून अजून निघाली नव्हती. थंडीने उललेले हात मी पदराखाली झाकत असे. त्यांनी ते पाहिलं होतं आणि मला बोलून दाखवलं नव्हतं. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

गच्चीवर वाळलेल्या संत्र्याच्या साली त्यांनी खलबत्त्यात कुटल्या, त्यात ज्वारीचं भरड पीठ आणि साय कालवली. "नको वाटलं तर ऱ्हाऊ दे," म्हणत वाटी माझ्या हातात दिली.

न्हाणीघरात मी हातापायांना उटणं चोळलं. खरखरीत होतं, पण वास इतका ओळखीचा की शाळेच्या डब्यातली संत्री आठवली. पाठीपर्यंत मात्र हात पोचेना. त्या बाहेर बंबात लाकडं सारत होत्या. मी कडी काढून दार किलकिलं केलं.

"आत्या, पाठीला तुम्ही लावता का?"