बारा जोडचित्रं आणि एक शिंग

दाजी कुठलाही फोटो एकदा काढून थांबत नसत. पहिला काढून झाला की कॅमेरा खालच्या फळीवरून उजवीकडे थोडा सरकवायचा आणि तोच फोटो पुन्हा काढायचा. तोवर समोरच्यानं हलायचं नाही. पापणी लवली तर चालेल, मान नाही. शहापुरात सगळे त्यांना ‘दोनदा मास्तर’ म्हणत. ते माझ्या आक्काचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ या एका नादात घालवायचे. मी भाताच्या गिरणीत कारकून होतो, आणि त्यांच्या या नादाची व्यवस्था माझ्याकडे होती, कारण दुसऱ्या कोणी ती ठेवलीच नसती.

ते दोन फोटो एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे आणि दोन भिंगांच्या लाकडी पेटीत घालून पाहायचे. डाव्या डोळ्याला डावा फोटो, उजव्याला उजवा. क्षणभर काही होत नाही, आणि मग चित्र आत उघडतं. जवळचा खांब जवळ येतो, मागचा डोंगर मागे जातो. दाजी त्याला जोडचित्र म्हणत.

कॅमेरा किती सरकवायचा ते दाजी बोटांनी मोजत. फळीला त्यांनी बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडल्या होत्या. एक बोट सरकवला तर चित्र जवळजवळ सपाट. चार बोटं सरकवला तर अंगणसुद्धा दरीसारखं खोल. मी प्रत्येक चित्राचा क्रमांक, जागा, वेळ आणि बोटं वहीत लिहून ठेवायचो. दाजी माझी वही बघून हसायचे. “तुझ्या यादीत वारा लिहिलायस का?” वारा आला की भाताच्या लोंब्या दोन फोटोंत दोन ठिकाणी असायच्या आणि सगळं वाया जायचं. मग मी एक रकाना वाऱ्याचाही आखला. तरी चित्रं वाया जायचीच. कधी कोंबडी मधून चालत जाई, कधी ढग येई. लढाई सुरू झाल्यापासून फोटो काढायच्या काचा मिळणं मुश्किल झालं होतं, आणि हा माणूस कोंबडी गेली म्हणून नाराज व्हायचा नाही! “तिलाही काम असतं रे,” म्हणायचा. माझं डोकं फिरायचं.

दाजींना गोष्ट सांगायची होती. बारा जोडचित्रांची एकच गोष्ट. नवरा-बायको अंगणात बसलेली आहेत, नवरा मुंबईला कामाला निघतो, परत येत नाही, एवढीच. बायको झाली होती शेजारची सोनूबाई, आणि नवरा तिचाच नवरा. दोघांनी भातलावणी उरकून मग आमच्यासाठी खांबासारखं उभं राहायचं. सोनूबाईची जीभ मात्र उभी राहत नसे. “मास्तर, किती येल उबी ऱ्हाऊ? तुमची गोस्ट संपंपरत माजी कंबर ऱ्हायाची नाय.” तिचा नवरा ओठ न हलवता म्हणायचा, “गप ऱ्हा गो, हललीस तं परत काढतील.” “तुमाला बरां, तुमी पाचव्या चित्रात पळून जाता. मलाच उबी ऱ्हावा लागतं बारापरत.”

पहिली चार चित्रं दाजींनी मुद्दाम एका बोटावर काढली. मला ते पटलं नाही. खोली दाखवायची पेटी आणि चित्र सपाट? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दोघं एकत्र आहेत तोवर त्यांच्यात अंतर कशाला? तो निघाला की दोन बोटं. पत्र यायचं थांबलं की तीन. शेवटी पाच. बघणाऱ्याला कळता कामा नये आपण काय करतोय. फक्त त्याला आत कुठंतरी लांब लांब वाटलं पाहिजे.” शेवटच्या चित्रात रिकामा उंबरा अगदी नाकाशी आहे आणि सोनूबाई दूर शेताच्या बांधावर. मी वहीत लिहिलं: क्रमांक बारा, पाच बोटं, वारा नाही.

तेरावं चित्र चुकून झालं होतं. मुरबाडकडे म्हसा गावच्या जत्रेत दाजी पेटी घेऊन गेले होते. तिथं एक बैल उभ्या उभ्या पेंगत होता. दाजींनी खाचांचा अंदाज घ्यायला म्हणून त्याचा जोडफोटो काढला. पेटीत घातल्यावर बैलाचं शिंग थेट डोळ्यात घुसतंय असं वाटे. पुढच्या वर्षीच्या जत्रेत त्या शिंगासाठी रांग लागली. माणसं किंचाळून मागं सरकत. “आयला, डोलाच फुटला असता!” म्हणत पुन्हा रांगेत उभी राहत. बाईच्या गोष्टीला रांग नव्हती. दाजींनी ते शिंग डब्याच्या तळाशी टाकलं आणि म्हणाले, “हे दचकवणं झालं. दचकलेला माणूस गोष्ट ऐकत नाही.”

मग कल्याणचे एक शेठ यायचे ठरले. त्यांचा तंबूतला सिनेमा गावोगाव फिरायचा. दाजींनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की दोन भिंगांच्या यंत्रानं असा सिनेमाही काढता येतो, लाल-हिरव्या काचांचा चष्मा लावून तो बघायचा. शेठ म्हणाले होते, “दाखवा काय ते. आवडलं तर यंत्र मागवू.” अशी संधी दाजींना आयुष्यात एकदाच येणार होती, हे मला दिसत होतं. त्यांना ते दिसत होतं की नाही, कोण जाणे. आदल्या दिवशी ते सोनूबाईच्या अंगणात कोंबडीचं चित्र काढत बसले होते.

तयारी सगळी मी केली. शाळेतला उजेडाचा वर्ग, पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची, भिंगं पुसायला मलमल, आक्काचे पोहे. चित्रं ओळीनं लावली. आणि दाजींना न विचारता बैलाचं शिंग सगळ्यांत वर ठेवलं. माझा हिशोब सरळ होता. शेठ आधी खूश होतील, मग उरलेलं मन लावून बघतील.

शेठनी पेटीला डोळे लावले आणि खुर्चीसकट मागं गेले. मग खो खो हसले. ड्रायव्हरला हाक मारली. “अरे ये, ये, बघ हे!” ड्रायव्हरही ओरडला. मी दाजींकडे पाहिलं नाही.

मग गोष्ट सुरू झाली. “हां,” शेठ म्हणाले. पुढचं चित्र. “हां, बसलीयत.” पुढचं. “अजून बसलीयत.” आठव्या चित्राला त्यांनी पोह्यांची बशी ओढली. बारावं त्यांनी पेटीत घातलं आणि तितक्यात काढलंही. “मास्तर, ते शिंग कुठं गेलं? परत द्या.” आणि शिंग पुन्हा बघता बघता म्हणाले, “अशी बनवा. भाला, बाण, उडी मारणारा वाघ. यंत्र उद्याच मागवतो.”

दाजींनी हळूच विचारलं, “आणि ती बाई?”

“बाई ठेवा की! तिच्या हातात कोयता द्या. अंगावर येऊ दे पब्लिकच्या.”

“ती कोयता उगारणारी नाही, शेठ,” दाजी म्हणाले. एवढंच. शेठनी हात धुतले आणि ते गेले.

मी दाजींवर चिडलो. दोन वाघ काढून द्यायचे, यंत्र घरात घ्यायचं, मग हवी ती बाई उभी करायची! काय बिघडलं असतं? ते पेटी पुसत होते. “शिंग तू ठेवलंस?”

“हो.”

“जेवणाआधी त्याला मिरची चावायला दिलीस रे. मग साध्या भाताची चव कशी लागणार? एका बोटाची चित्रं त्याला सपाटच दिसणार.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. शिंग वर नसतं तर शेठना गोष्ट लागली असती का? कदाचित तरीही ते पोहे खाऊन उठले असते. इतकी वर्षं मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, बेरीज जमत नाही.

दोन वर्षांनी दाजींची बदली नाशकाकडे झाली. सामान बांधायला मी गेलो, अर्थात यादी घेऊन. चित्रांचा डबा कुठल्या पेटाऱ्यात घालायचा ते विचारलं तर दाजी म्हणाले, “तू बघितलीस का रे ही कधी?”

मला हसू आलं. प्रत्येक चित्र मी शेकडो वेळा हाताळलं होतं. डाग बघितले होते, कडा कापल्या होत्या, बोटं लिहिली होती. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीनं, खुर्चीत बसून? नाही. वेळच नव्हता.

बाहेर बैलगाडी उभी होती. मी बसलो. पहिल्या चार चित्रांत ती दोघं भिंतीला टेकलेली, अगदी हाताशी. पाचव्यात तो पाठमोरा. सातव्यापाशी मला जरा अस्वस्थ वाटू लागलं, का ते कळेना. बाराव्यात उंबरा माझ्या गुडघ्याशी होता आणि सोनूबाई इतकी लांब, की हाक मारली तरी पोहोचणार नाही. मी पेटीवरून डोळे काढले नाहीत, कारण काढले असते तर दाजींना ते दिसले असते.

“लागली ना?” दाजी समाधानानं म्हणाले. “मग झालं. एक बघणारा मिळाला.”

माझा संताप संताप झाला. एक! मला त्यांच्यासाठी तंबूभर हवे होते.