पूजेची हळद जखमेत

खंडेनवमीला भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी कामगार सुरक्षेची पत्रकं वाटत होतो. पूजेसाठी मशीन पुसताना पत्र्याच्या धारेनं एका कामगाराचा अंगठा खोलवर कापला. सुपरवायझरनं काय करावं? पूजेच्या ताटातली मूठभर हळद उचलून थेट जखमेत कोंबली!

मी ओरडलोच, "अहो, हे काय करताय?"

"काय राव, पत्रकं वाटता आणि एवढं माहीत नाही? हळदीत कर्क्युमिन असतं. जंतू मारतं. मोबाईलवर वाचा जरा."

असतं, मान्य. सुजेवर त्याचा उपयोग होतो का, हे डॉक्टर लोक तपासतायत, तेही मान्य. म्हणून हळद म्हणजे टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का? त्यात ही पूजेची हळद! तिच्यात रंग किती नि खडू किती, कोण सांगणार?

मी त्या कामगाराला रिक्षात घालून पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई जखम धूतच राहिल्या. "सगळं पिवळं करून ठेवलंय. आतली अंगठा वाकवणारी नस तुटलीय का, तेच दिसत नाही."

अंगठा गेला तर हा माणूस मशीनवर काम कसं करणार?

शेवटी त्या म्हणाल्या, "अंगठा वाकवा बघू."

वाकला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र माझ्याकडे वळून हसला. "बघितलं का भाऊ? हळदीनंच वाचवला."

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे इंजेक्शन भरत होत्या. त्यांना हे रोजचंच असावं.