आईचा खांदा

करडईच्या तेलात लसूण तळल्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. नव्वदच्या दशकात आम्ही पाथर्डीकडच्या एका गावात राहायचो. उसाच्या मोळ्या वाहून वाहून आईचा उजवा खांदा असा धरला होता, की तिला स्वतःची वेणीही घालता येईना. गल्लीतली एक म्हातारी मावशी रोज सकाळी येऊन लसूण तळलेल्या कोमट तेलानं तो चोळायची. आधी तळव्यानं ऊब द्यायची, मग अंगठ्यानं गाठ शोधून हळूहळू दाबत राहायची. "शिरा आखडल्यात, पोरी. रगत फिरलं की सुटत्याल. पर अजून महिनाभर वझं उचलायचं न्हाई," ती मला सांगायची. पंधराव्या दिवशी आईचा हात डोक्याच्या वर गेला आणि ती लहान पोरीसारखी हसली. त्याच दुपारी ऊसतोड टोळीचा मुकादम, ज्याच्याकडून वडिलांनी हंगामाचे आगाऊ पैसे उचलले होते, जीप घेऊन दारात आला. "हात वर करून दाव," तो म्हणाला. "दावू नगं गं!" मावशी ओरडली, पण आनंदाच्या भरात आईनं हात उंच केला. "बरी झाली की! चला, बसा गाडीत." मावशी त्याच्या अंगावर धावली, "तुझा ऊस तोडाया चोळलं व्हय रं मी हिला?" वडील शेजारीच उभे होते. ते खाली मान घालून वळकटी बांधायला लागले. गुढीपाडव्याला आई परतली तेव्हा तिचा हात छातीच्या वर जात नव्हता, आणि पुढं तो कधीच गेला नाही. मुकादम परका होता. वडिलांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.