गरौठ्याहून एक वाचक

वामनरावांनी सिविल लाइंसच्या कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. कोणता कागद आला, कधी गेला, सगळं रजिस्टरात. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतच होते, म्हणून आम्ही झाशीच्या मराठी समाजाची वेबसाइट त्यांच्या गळ्यात मारली. ती चूक आमचीच.

वेबसाइटवर कुणी आलं की त्याचं गाव, उघडलेलं पान आणि मिनिटं आपोआप नोंदली जातात, हे कळल्यावर वामनरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. दर महिन्याला लक्ष्मी तालाच्या काठावरच्या देवळात समाजाची बैठक भरे आणि तिथं ते या नोंदींचा अहवाल वाचत. आम्हीही मजेत ऐकत असू.

चैत्रातल्या बैठकीत त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "वधू-वर, पन्नाशीपुढचे. गरौठ्याहून एक वाचक. रोज वीस मिनिटं."

गरौठ्यात मराठी घर एकच, उषाताईंचं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या, शाळेत शिकवणाऱ्या उषाताई पन्ह्याचा पेला धरून तिथंच बसल्या होत्या. सगळ्या माना तिकडे वळल्या. माझीही वळली, खोटं कशाला बोलू. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

"नाव कुठं घेतलं होतं मी?" वामनराव घरी कुरकुरले.

"गाव घेतलंत ना," त्यांच्या पत्नी कमलिनीवहिनी म्हणाल्या. "अपने लोग हैं ही कितने?"

त्या दिवशी वामनराव नीट जेवले नाहीत. मग बसून त्यांनी वेबसाइटच्या माथ्यावर सूचना लिहिली: 'तुम्ही आमची पानं बघत होता तेव्हा आम्ही तुमचं गाव, पान आणि वेळ बघत होतो. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. गावाची नोंद आजपासून बंद. ती मी चारचौघांत वाचून दाखवली, याची मला लाज वाटते. वामन.' असा कागद त्यांनी कचेरीत कधी काढला नव्हता.

तो छापून घेऊन ते बसने गरौठ्याला गेले, सोबत मला ओढलं. उषाताईंनी उभ्याउभ्याच वाचला.

"म्हणजे आता मी काय बघते, कुणाला कळणार नाही?"

"मलासुद्धा नाही."

त्या आत गेल्या. आम्हाला वाटलं चहा येईल. आला तो घडी घातलेला कागद. वधू-वर पानासाठी त्यांची स्वतःची माहिती होती. वय बावन्न, शिक्षिका.

वामनरावांनी सवयीनं पेन काढलं आणि थबकले. "गाव लिहू?"

"लिहा की भैया," त्या म्हणाल्या. "आता मी सांगतेय ना."