आक्रोडाचे निळे दाणे

भवानी पेठेत माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. हे काम मला अक्कांनी शिकवलं. त्या नात्यातल्या नव्हेत; मी त्यांच्या पार्लरमध्ये शिकायला जायचे. भुवया करायचा धागा मला धड धरता येत नव्हता, तर त्यांनी माझी बोटं आपल्या बोटांत घेऊन शिकवलं. सासरी कुरबुर सुरू झाली तेव्हा त्या स्वतः घरी आल्या, सासूबाईंशी त्यांच्याच कन्नडमधून तासभर बोलल्या आणि विषय मिटवून गेल्या. त्यांचा शब्द मी कधी तपासून पाहिला नाही.

स्वतःचं पार्लर काढल्यावरही चेहऱ्याला चोळायचा स्क्रब मी त्यांच्याकडूनच घ्यायचे. पांढरा डबा, त्यावर त्यांनी चिकटवलेला कागद: 'आक्रोडाच्या टरफलांचा'. आत खसखशीएवढे निळे दाणे.

"निळे कसे?" मी एकदा विचारलं होतं.

"खायचा रंग हाय गं," त्या म्हणाल्या.

मी पुढं प्रत्येक बाईला तेच सांगत आले.

मागच्या उन्हाळ्यात बेसिन तुंबलं. खालचा पाइप सोडवून बादलीत रिकामा केला, तर केसांच्या गुंत्यात आणि गाळात निळे दाणेच दाणे. एकही कुजला नव्हता. खुर्चीत तेव्हा माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या, आता निवृत्त झालेल्या. त्या उठून आल्या, बादलीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एक चमचा आण."

डब्यातला थोडा स्क्रब त्यांनी फडक्यात धुतला आणि उरलेले दाणे चमच्यात घेऊन गॅसवर धरले. आक्रोडाचं टरफल असतं तर जळून राख झालं असतं. दाणे मऊ पडले, एकमेकांना चिकटले आणि कॅरीबॅग जळाल्यासारखा वास सुटला.

"प्लॅस्टिक आहे हे," बाई म्हणाल्या. "तुमच्या गटारीचं पाणी कुठं जातं?"

"नाल्याला. नाला पुढं सीना नदीला."

"मग हेही तिकडंच जातं. जाळीत अडकत नाही, कुजत नाही. मासे दाणा समजून खातात. शेतात गेलं की मातीत तसंच राहतं."

माझं माहेर सीनेकाठी, शहराच्या खालच्या अंगाला. दादा नदीवर मोटार लावून मेथी-कोथिंबीर काढतो.

दुपारीच मी अक्कांकडं गेले. डबा समोर ठेवला. "अक्का, हा आक्रोडाचा नाही."

मला वाटलं होतं, त्या दचकतील, 'मलाही फसवलं गं' म्हणतील.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "कंपनीचा मोठा कॅन येतोय, त्यातनं मी डबे भरते. कॅनवर बारीक अक्षरात लिवलंय की सगळं. आक्रोड म्हटलं की बायकांना बरं वाटतंय."

"मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तुज्या तोंडून ते खरं वाटलं नसतं."

मी खरं बोलते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तेच वापरलं.

"तुम्ही स्वतः काय लावता?" मी विचारलं. त्या डब्याचं झाकण लावू लागल्या. मीच आत जाऊन मोरीजवळच्या फळीवर पाहिलं. मसुराच्या पिठाची बरणी होती.

त्यानंतर येईल त्या बाईला मी खरं सांगितलं. बऱ्याच जणींनी हसून सोडून दिलं. एकीनं मात्र शांतपणे विचारलं, "म्हणजे लग्नाआधी माझ्या लेकीला तू हेच चोळलंस?" मला माहीत नव्हतं, एवढंच मी म्हणू शकले. ती पुन्हा आली नाही. तिनं माझ्यावर तसाच विश्वास ठेवला होता, जसा मी अक्कांवर.

उरलेला स्क्रब मी फडक्यातून गाळला आणि दाणे काचेच्या बरणीत बंद केले. कुठं टाकावेत ते अजून सुचलेलं नाही. आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला कुटं ठाव हुतं? पर आमी त्याच पाण्यात भाजी धुतो की गं."

गेल्या महिन्यात एका लग्नात अक्का भेटल्या. सवयीनं मी पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवत विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय," मी म्हटलं आणि जेवणाच्या पंगतीत दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.