सावकाशबाईंनी रिस्टार्ट केलं नाही

ऑफिसात त्यांना सावकाशबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. सर्व्हर बसला, फोन खणखणायला लागले, साहेबांचा आवाज चढला, की बाई रुमालाने चष्मा पुसत आणि म्हणत, "सावकाश." लोकांच्या डोक्यात तिडीक जायची. पण बिघाड सापडायचा तो शेवटी बाईंनाच, आणि मग तीच माणसं चहाचा कप घेऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहायची.

त्यांची कंपनी बऱ्याच इस्पितळांचं सॉफ्टवेअर सांभाळायची. त्या सकाळी परिचारिकांच्या बदलीचे अर्ज सुरू झाले होते. नियम साधा होता: ज्याचा अर्ज आधी, त्याला जागा आधी. बाईंची नणंदही परिचारिकाच, लांबच्या इस्पितळात, तिथेच खोली घेऊन राहणारी. घराजवळच्या इस्पितळात एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं. सासूबाई कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. नवरा कायम फिरतीवर. सासूबाईंना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं बाईंच्या एकटीच्या अंगावर. सासूबाई रोज विचारायच्या, "ती कधी येणार गं?" आणि बाई रोज सांगायच्या, "येईल हो, बदली झाली की."

तर अर्ज सुरू झाले आणि थोड्याच वेळात बोंब झाली. अर्ज येत होते, पण नोंदले जात नव्हते.

आता हा जावा नावाच्या संगणकी भाषेतला सर्व्हर म्हणजे एक मोठी कचेरीच समजा. अर्ज घेणारा घटक वेगळा, नोंदवणारा वेगळा. घेणाऱ्याने नोंदवणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि सर्व्हरने त्याला शोधून समोर उभं करायचं. त्या दिवशी घेणारा पुकारून पुकारून दमला, आणि सर्व्हर दर वेळी एकच सांगे: या नावाचं इथे कुणी नाही. बिचारा घेणारा आलेले सगळे अर्ज मेमरीत धरून बसला होता आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा हाक मारत होता.

नोंदणीच्या घटकाची नवी आवृत्ती आदल्या दिवशीच चढवली होती. ज्याने चढवली तो सहकारी घामाघूम झाला होता. "फाइल तर फोल्डरमध्ये आहे, ही काय," एवढंच तो येईल त्याला दाखवत होता.

"रिस्टार्ट मारा," साहेब म्हणाले. "मेमरीतले अर्ज गेले तर गेले. सगळ्यांना पुन्हा भरायला सांगू."

"सावकाश," बाई म्हणाल्या आणि ते अर्ज शाबूत आहेत का हे बघायला त्यांनी सर्व्हरच्या पोटातलं दाखवणारा कन्सोल उघडला. शाबूत होते. आणि नको तेच दिसलं. घराजवळच्या त्या जागेसाठी दोन अर्ज होते. पहिला कुणा अनोळखी बाईचा. नणंदेचा तिच्या मागे.

रिस्टार्ट म्हणजे पाटी कोरी. नणंदेला एक फोन केला असता तर ती मोबाइल हातात धरून तयार बसली असती आणि या वेळी तिचा अर्ज पहिला लागला असता. आणि त्यासाठी बाईंना करायचं काय होतं? काहीच नाही. नुसतं गप्प बसायचं. साहेबच तर रिस्टार्ट मारा म्हणत होते. कुणाच्या बापाला कळलं नसतं. सासूबाईंना कुशीवर वळवताना आपल्या कंबरेतून निघणारी कळ बाईंना बसल्या जागी आठवली.

"रिस्टार्ट नाही," त्या म्हणाल्या. "या बायकांनी अर्ज वेळेत भरलेत. ते पुसायचा आपल्याला काय अधिकार?"

"मग दुपारपर्यंत दुरुस्त करून दाखवा. नाहीतर बटण मी दाबतो."

बाकी सगळे लॉगच्या, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो त्या रोजनिशीच्या, शेवटच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते, जिथे नाव सापडत नाही म्हणून रडगाणं होतं. बाईंनी लॉग वर नेला, थेट सर्व्हर सुरू झाला त्या जागी, आणि तिथून एकेक ओळ बोट लावून वाचायला घेतली. मध्येच कुठेतरी सापडलं. नोंदणीच्या घटकाला एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, लागत होती आणि ती नव्या पॅकेजमध्ये भरायचीच राहून गेली होती. सर्व्हरने घटकाला दारातूनच परत पाठवलं, तशी एक ओळ खरडली, आणि खाली ऐटीत लिहिलं: सर्व्हर सुरू झाला. सगळ्यांनी तेवढंच वाचलं होतं.

"फाइल फोल्डरमध्ये पडलेली असली म्हणून घटक कामावर रुजू झाला असं नाही हं," बाई सहकाऱ्याला म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्याचाच कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला आणि लायब्ररी घालून पॅकेज त्याच्याकडूनच बांधून घेतलं.

तेही थेट खऱ्या सर्व्हरवर नाही. आधी चाचणीच्या सर्व्हरवर खोटे अर्ज अडकवून बघितले, की हा एकच घटक नव्याने चढवला तर घेणाऱ्याच्या हातातले अर्ज सांडत तर नाहीत ना. साहेब मानगुटीवर बसल्यासारखे मागे उभे होते, तरी बाई ढिम्म. सांडत नाहीत अशी खात्री पटली तेव्हाच खऱ्या सर्व्हरला हात लावला. घटक चढला. तो कोणत्या नावाने रुजू झाला ते सर्व्हरने छापलं, आणि पुढच्याच हाकेला ओ आली. अडकलेले अर्ज आले होते त्याच क्रमाने भराभर नोंदले गेले. साहेब "ठीक आहे" म्हणून निघून गेले, आणि सहकारी मात्र डोळे पुसत बसला. एवढा हिशोब समोर दिसत असताना असं वागायला काळीज लागतं, आणि ते बाईंकडे होतं.

जागा त्या अनोळखी बाईला मिळाली. सुट्टीच्या दिवशी नणंद घरी आली, तिने चपला काढायच्या आतच बाईंनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुला फक्त गप्प बसायचं होतं?"

"हो."

"वहिनी, निदान स्वतःच्या कंबरेचा तरी विचार करायचास." नणंद खूप चिडली होती. आणखी बोलणार होती, पण आतून सासूबाईंची हाक आली. "आलीस का गं? झाली का बदली?"

बाईंचे पाय उंबऱ्याशीच थबकले. नणंद आत जाऊन आईच्या उशाशी बसली. आई सुनेला काय बोलेल हे तिला माहीत होतं, म्हणून रिस्टार्टची गोष्ट तेवढी तिने गाळली.

"नाही झाली आई. माझ्या आधी एक जण होती."

सासूबाईंनी अंगावरची चादर नीट केली.

"मग बरोबरच आहे," त्या म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे वळवायला लागल्या. त्यांना एकटीने वळता येईना. बाई धावत आत गेल्या आणि नणंदेबरोबर त्यांना धरून वळवता वळवता ओक्साबोक्शी रडल्या.