निळ्या रंगातला हरभरा

मी उभा होतो ती जागा नकाशात निळी होती. निळं म्हणजे पाणी. बुटांखाली मात्र हरभरा होता, घाटे धरलेला.

नागपूरहून बसने दोन तासांवरचं हे धरण दहा फुटांनी वाढवायचं की नाही, याचा रिपोर्ट आमच्या ऑफिसला द्यायचा होता. सत्तरच्या दशकाची अखेर. मी ज्युनिअर इंजिनिअर, नोकरीचं दुसरं वर्ष. रिपोर्टमध्ये दोन रकाने, फायदे आणि तोटे. फायद्यांत नागपूरचं पिण्याचं पाणी, खापरखेड्याचं वीजघर, कालव्याच्या टोकाची गावं. तोट्यांत फक्त जुन्या आणि नव्या जलरेषेमधली जमीन. जलरेषा म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ. तिच्या आतलं सगळं आमच्या लेखी बुडालेलंच.

"काहून गा बाबू, पीक तुडवून राहिला?" शेतवाली भागाबाई म्हणाली.

"माय, कागदावर इथं पाणी आहे."

"मंग मी का मासोळ्यायसाठी हरभरा पेरला?"

मोजणीची पट्टी धरणारा आमचा मदतनीस, म्हणजे खलाशी, तोंड फिरवून हसला.

दिवाळीनंतर धरणाचं पाणी मागे सरतं आणि गाळ उघडा पडतो. सरकार तो वर्षापुरता पेरायला देतं. त्याला गाळपेर म्हणतात. अर्धं गाव त्यावर जगत होतं. धरण वाढलं की पाणी वेळेत सरणार नाही, पेरणी हुकणार. जमीन त्यांच्या नावावर नाही, म्हणजे मोबदलाही नाही. आमच्या रकान्यात या गावाचा तोटा होता 'निरंक'.

मी चार पानी टिपण लिहिलं. चळवळीची पत्रकं वाचत वाढलो होतो, तसंच उतरलं. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांनी ते परत सरकवलं.

"यात 'अन्याय' सात वेळा आहे, लेव्हल एकदाही नाही. कुठल्या दिवसांत पाणी कुठवर असतं ते आण."

"सर, गाव उपाशी मरेल."

"तुझ्या घरी नळ किती वेळ येतो?"

नागपुरात इंदोऱ्याच्या वस्तीत आमचा नळ तासभर यायचा. आई बादल्या घेऊन रांगेत असायची. धरण तिलाही हवं होतं.

धरणावरच्या रजिस्टरात पावसाळ्यापुरत्याच नोंदी होत्या. दसऱ्यानंतर पाणी मोजायची पद्धतच नव्हती. नकाशाही भरल्या धरणाच्या महिन्यांतलाच होता. मी परत भागाबाईकडे गेलो.

"आमचे दगड हायेत ना," ती म्हणाली. "ज्याचा दगड उघडा पडला, तो पेरते. माहा दिवाळीच्या पाचव्या दिवशी पडते."

प्रत्येक घराचा एक दगड होता. दोन दिवस ती पुढे, खलाशी मागे. एकेका दगडावर पट्टी ठेवून मी लेव्हल, म्हणजे त्याची उंची, घेतली; तो कधी उघडा पडतो ते ती सांगत गेली.

आकडेमोडीत दिसलं की दहा फूट वाढवलं तर पेरणीच्या वेळी सगळे दगड पाण्यात. सहा फूट वाढवून कालव्याचं पहिलं पाणी लवकर सोडलं, तर खालचे दोन सोडून सगळे उघडे. त्या दोन घरांना वरची जमीन द्यावी, असं मी नावानिशी लिहिलं.

"आता वाचता येतं," साहेब म्हणाले आणि सही केली.

काही वर्षांनी धरण वाढलं, सहा फुटांनीच. आईचा नळ दोन तास येऊ लागला. पुढच्या हिवाळ्यात खलाशाने ऑफिसात हरभऱ्याची हिरवी जुडी आणून ठेवली. भागाबाईचा निरोप होता, "बाबूले म्हणा, नकाशा हिरवा रंगव."

नकाशाचा रंग बदलायला वेगळी मंजुरी लागते. ती अजून आलेली नाही. पण 'निरंक' लिहिलेला रकाना समोर आला की मी आधी विचारतो, सर्व्हे कोणत्या महिन्यात केला?